दोरा तुटला तर? : लघुरेल्वे, सिग्नल आणि हाताचे शिक्षण

गेल्या वर्षीच्या पालकसभेत एका पालकांनी उभे राहून प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा आपल्या वसतिगृहात राहून आठवीत शिकतो. ते म्हणाले, “गुरुजी, रविवारी दुपारी पोरं खेळण्यातली आगगाडी जोडत बसतात असं कानावर आलं. आम्ही पोटाला चिमटा घेऊन त्यांना इथं ठेवलंय ते शिकून मोठं व्हायला. खेळणी जोडून काय होणार?” सभेत काही जण हसले. मी दोन वाक्यांत उत्तर दिले, परंतु त्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. प्रश्न रास्त होता. ज्या समाजाच्या पहिल्या पिढीने अर्धपोटी राहून मुलांना शाळेत घातले, त्या समाजाला मुलांच्या प्रत्येक तासाचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने तो हिशेब सविस्तर मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

छंदाची जन्मकथा

लघुरेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. इंजिन, डबे, रूळ, सांधे, फलाट, केबिन, सिग्नल हे सारे तिच्यात येते. खेळण्यातल्या आगगाड्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात विकल्या जात होत्या, पण एका कारखान्याची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसे. जर्मनीतील गोपिंगन येथील मेर्क्लिन या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांच्या ठरावीक मापांची मालिका मांडली. तेव्हापासून ‘संच वाढवत नेणे’ ही कल्पना रुजली आणि खेळण्याचा छंद झाला.

या छंदाच्या इतिहासातील दुसरे महत्त्वाचे नाव लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांचे. ते मांस आयात करणाऱ्या एका पेढीत कारकून होते. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. आपल्या मुलांसाठी त्यांनी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली आणि नट-बोल्टने त्या हव्या तशा जोडता येतील अशी योजना केली. १९०१ मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे जगभर ‘मेकॅनो’ या नावाने ओळखला गेलेला संच तो हाच. त्यांच्याच कारखान्याने १९२० पासून चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या आणि हॉर्नबी यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, म्हणजे १९३८ मध्ये, ‘हॉर्नबी डब्लो’ ही लहान मापाची, टेबलावर मावणारी रेल्वे आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने लघुरेल्वेसाठी प्लॅस्टिकचे स्वस्त जोडणी-संच, ज्यांना आपण किट म्हणतो, विकण्यास आरंभ केला. सिग्नल, पूल, केबिन, घरे यांचे हे किट चौकटीतून सुटे करायचे, कानसायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. त्यामुळे तयार गाडी विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांनाही या छंदात थोडा शिरकाव झाला.

१९३८ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. लेखाच्या उत्तरार्धात त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

प्रमाणाचे गणित

आपल्या वसतिगृहात हा उपक्रम कसा सुरू झाला ते थोडक्यात सांगतो. एका माजी विद्यार्थ्याने मुंबईच्या जुन्या बाजारात मिळालेले एक खोके शाळेला आणून दिले. त्यात गंजलेले पत्र्याचे दोन सिग्नल होते, थोडे रूळ होते, प्लॅस्टिकच्या सिग्नलचा एक न जोडलेला किट होता आणि कोणीतरी अर्धवट जोडून सोडलेली एक केबिन होती. अकरा मुलेमुली पुढे आली. पहिले दोन रविवार आम्ही कशालाही हात न लावता केवळ मोजमाप केले.

लघुरेल्वेत दोन मापे वेगळी समजून घ्यावी लागतात. एक प्रमाण, म्हणजे खरी वस्तू किती पटीने लहान केली ते, आणि दुसरे गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर. ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘ओओ’ पद्धतीत खऱ्या एका फुटास ४ मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रमाण सुमारे १:७६ पडते. युरोप व अमेरिकेत रूढ असलेल्या ‘एचओ’ पद्धतीत एका फुटास साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७. रुळांतील अंतर मात्र दोन्हींत एकच, १६.५ मिलिमीटर. आता ब्रिटनच्या खऱ्या रुळांतील अंतर आहे ४ फूट साडेआठ इंच. एका फुटास ४ मिलिमीटर या हिशेबाने ते १८.८३ मिलिमीटर यायला हवे. याचा अर्थ ओओ पद्धतीत गाडी योग्य मापाची आणि रूळ अरुंद असतात. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान. त्या काळच्या विजेच्या मोटारी साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणात त्यांच्या पोटात मावत नव्हत्या, म्हणून रूळ तेच ठेवून गाडी थोडी मोठी केली गेली. पुढे ही तडजोडच नियम होऊन बसली.

मुलांना मी विचारले, “आपली गाडी करायची तर रूळ किती रुंद हवेत?” भारतातील ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. ओओ प्रमाणात ते बरोबर २२ मिलिमीटर येतात आणि एचओ प्रमाणात १९.२५. बाजारात मिळणारे रूळ १६.५ चेच. भारतीय गाडीचे नमुने करणारा छांदिष्ट एक तर हे दोष पत्करतो, नाहीतर रूळ स्वतः घडवतो. जे विद्यार्थी ‘गुणोत्तर व प्रमाण’ या धड्याला कंटाळत, त्यांनी हे गणित फळ्यावर आपण होऊन तीन वेळा तपासले, कारण उत्तर चुकले तर गाडी रुळावरून उतरणार होती.

सिग्नलचा हात

आता सिग्नलकडे वळू. रंगीत दिव्यांचे सिग्नल आज सर्वत्र दिसतात, परंतु पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना खांबावरचा लाल हात आठवत असेल. ‘सिग्नल पडला’ हा शब्दप्रयोग आपल्या बोलीत त्यानेच आणला. हात आडवा असेल तर थांबा आणि खाली झुकला तर जा. या पद्धतीला ‘सेमाफोर’ म्हणतात. फ्रान्समध्ये क्लोद शाप यांनी १७९० च्या दशकात उंच मनोऱ्यांवर हलते हात बसवून दूरवर निरोप पाठवण्याची यंत्रणा उभारली होती. तीच कल्पना १८४० च्या दशकाच्या आरंभी लंडनजवळ रेल्वेच्या खांबावर आली.

या हाताची रचना साधी दिसते, पण ती फार विचारपूर्वक केलेली आहे. हात एका खिळीभोवती फिरतो. खिळीच्या एका अंगाला लाकडी किंवा पत्र्याचा हात आणि दुसऱ्या अंगाला ओतीव लोखंडाची चौकट, जिच्यात दोन काचा बसवलेल्या असतात. मागे रॉकेलचा दिवा असतो. हात आडवा असताना दिव्यासमोर लाल काच येते आणि हात पडला की हिरवी. ही हिरवी काच प्रत्यक्षात निळसर असे, कारण रॉकेलची ज्योत पिवळी आणि पिवळ्यात निळा मिळाल्यावरच दूरवरून हिरवा दिसतो. केबिनमधील दांडा ओढला की रुळांच्या कडेने गेलेली तार ताणली जाते आणि हात खाली येतो. मुख्य सिग्नलच्या हाताचे टोक चौकोनी असते. त्याच्या आधी येणाऱ्या, पुढच्या स्थितीची सूचना देणाऱ्या वॉर्नरचे टोक माशाच्या शेपटीसारखे कापलेले असते.

प्रमाणात बसवले की चार फुटांचा हात १६ मिलिमीटरचा होतो, म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. पंचवीस फुटांचा खांब १०० मिलिमीटरचा. एवढ्याशा वस्तूत खिळी, तरफ, दोन काचा आणि दिवा बसवून ती हलती करायची, हे काम आमच्या पुढे होते.

जोडणीची रीत

किटचे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला बारीक देठांनी जोडलेले असतात. ते पिरगाळून तोडू नयेत, धारदार ब्लेडने देठ कापावा. साच्याच्या सांध्यावर राहिलेली पातळ कड बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून काढावी. चिकटवण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडा बसवून पाहावा. या प्लॅस्टिकसाठी वापरतात ते द्रावण गोंदासारखे मध्ये बसत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करते. म्हणून भाग जुळवून धरायचे आणि कुंचल्याने कडेला एक थेंब टेकवायचा. फटीत तो आपोआप ओढला जातो. विज्ञानाच्या पुस्तकातील केशाकर्षण मुलांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे, द्रावणाची वाफ हुंगू नये.

हात व खांब जोडण्याआधी वेगवेगळे रंगवावेत. हाताची पुढची बाजू लाल व त्यावर टोकाजवळ उभा पांढरा पट्टा, मागची बाजू पांढरी व त्यावर काळा पट्टा. खांब पांढरा, बुंध्याशी काळा. खिळीसाठी अर्धा मिलिमीटरचे भोक हातानेच फिरवायच्या ड्रिलने पाडावे आणि त्यात पितळी तार घालावी. खिळीवर रंगाचा एक कण जरी राहिला तरी हात अडकतो. दिव्यासाठी पिवळसर पांढरा एलईडी घ्यावा. १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून एलईडीचे सुमारे ३ व्होल्ट वजा केले की ९ उरतात. १००० ओहमचा रोध लावला की ९ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि दिवा रॉकेलच्या दिव्यासारखा मंद राहतो. पितळी भागांना सोल्डरिंग करताना डोळ्यांवर चष्मा घालावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये शिसे असते.

दोरा तुटला तर?

पाचव्या रविवारी पहिला सिग्नल तयार झाला. टेबलाखालून नायलॉनचा दोरा नेला होता. दोरा ताणून धरला की हात आडवा, सैल सोडला की हात खाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विज्ञान प्रदर्शनात तो ठेवायचे मी मनाशी ठरवूनही टाकले. इतक्यात सातवीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, दोरा तुटला तर?”

मी कात्री तिच्या हाती दिली. तिने दोरा कापला. हात खाली पडला. ‘जा’ असे सांगत तो लोंबकळत राहिला.

वर्गात शांतता झाली. चूक तिच्या आधी मलाच दिसायला हवी होती. दिसायला आमचा सिग्नल खऱ्या सिग्नलसारखा होता, पण त्याची करणी नेमकी उलटी होती. खऱ्या सिग्नलमध्ये काचांची लोखंडी चौकट हातापेक्षा जड असते. त्यामुळे हात स्वतःच्या कलाने आडवा, म्हणजे ‘थांबा’ या स्थितीत राहतो आणि तार ओढली तरच खाली येतो. खांबाच्या बुंध्याशी असलेले वजनही त्याला त्याच दिशेने साहाय्य करते. तार तुटली तरी गाडी थांबते. प्लॅस्टिकच्या किटमध्ये चौकट हलकी आणि हात लांब, म्हणून तो आपोआप पडत होता. आम्ही चौकटीच्या मागे एक लहानसा पितळी नट चिकटवला, खाली वजनाची तरफ केली आणि दोऱ्याची ओढ उलटी फिरवली. मग तिने पुन्हा दोरा कापला. हात उसळून आडवा झाला. त्या दिवशी वाजलेल्या टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या.

हा धडा रेल्वेला फार महागात पडून मिळाला आहे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे बर्फाचे वादळ चालू होते. त्या काळी सिग्नलचा हात ‘जा’ दाखवताना खांबाच्या खाचेत शिरून राहत असे आणि सिग्नल एरवीही ‘जा’ असाच ठेवण्याची वहिवाट होती. खाचेत बर्फ गोठले. केबिनवाल्याने दांडा मागे घेतला तरी हात बाहेर आला नाही. वेगाने येणारी एक्स्प्रेस मार्गावरील कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर आणखी एक एक्स्प्रेस येऊन धडकली. त्यानंतर त्या रेल्वेने सिग्नलच्या हाताची रचना बदलली आणि एरवी सिग्नल ‘थांबा’ असाच ठेवण्याची पद्धत स्वीकारली.

दुसरा अपघात शाळांशी निगडित आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथून रविवार-शाळेच्या मुलांची सहलीची गाडी निघाली. चढावर इंजिनाला भार पेलेना, म्हणून गाडीचे दोन भाग केले गेले. त्या गाडीचे ब्रेक अशा पद्धतीचे होते की नळी सुटताच ते निकामी होत. मागचे डबे उतारावरून घसरले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून तीन गोष्टी सक्तीच्या केल्या : एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, सांधे व सिग्नल यांचे परस्परबंधन आणि नळी तुटली तर आपोआप लागणारे ब्रेक. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आणि त्या कायद्यामागचा प्रश्न एकच आहे.

परस्परबंधन म्हणजे ‘इंटरलॉकिंग’. जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये त्याचे एक पेटंट घेतले. सांधा योग्य दिशेला बसलेला नसेल तर सिग्नलचा दांडा हलतच नाही आणि सिग्नल पडलेला असताना सांधा फिरवता येत नाही. आम्ही प्लायवूडच्या दोन सरकत्या पट्ट्या घेतल्या, त्यांत खाचा पाडल्या आणि मध्ये लाकडाचा एक लहान तुकडा आडवा ठेवला. एक पट्टी सरकली की तुकडा दुसरीच्या खाचेत जाऊन तिला अडवतो. हे असले तर ते होते, हे नसले तर ते होत नाही. भगवान बुद्धांनी सांगितलेला कार्यकारणभाव मी इतकी वर्षे वंदनेनंतरच्या प्रवचनात शब्दांनी समजावत आलो. लाकडाच्या त्या दोन पट्ट्यांनी तो मुलांच्या बोटांना समजला.

जुन्याची दुरुस्ती आणि इतिहासाची शिस्त

खोक्यातील पत्र्याचे जुने सिग्नल दुरुस्त करणे हे वेगळेच शास्त्र आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून मला ते अधिक भावले. नवा किट जोडताना आपण निर्माते असतो. जुनी वस्तू हाताळताना आपल्यापुढे एक पुरावा असतो आणि पुरावा पुसून टाकायचा नसतो.

प्रथम मऊ कुंचल्याने धूळ काढावी, मग कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने पुसावे. मूळ रंग शिल्लक असेल तर तो घासू नये, तसाच राखावा. जुने तेल सुकून डिंकासारखे झालेले असते. ते रॉकेलने काढून खिळीवर पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा. गंज हलक्या हाताने उतरवावा. १९३० च्या दशकातील काही ओतीव भागांना एक असाध्य रोग जडलेला असतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारख्या अशुद्धी राहिल्या तर काही वर्षांनी तो भाग आतून भेगाळतो, फुगतो आणि बिस्किटासारखा चुरतो. असा भाग सांधत बसण्यात अर्थ नसतो. त्याचे माप घेऊन नवा करावा लागतो. आमच्या एका सिग्नलचा हात गहाळ होता. मुलांनी पातळ पितळी पत्र्यातून तो कापला. तो जुना दिसावा म्हणून रंग मळका करावा, असे एकाने सुचवले. मी नको म्हटले. उलट बैठकीखाली बारीक अक्षरात ‘हात नवा’ असे लिहून साल घातले. पुढे ही वस्तू ज्याच्या हाती जाईल, त्याला मूळ कोणते व भर कोणती हे कळले पाहिजे. खोटा जुनेपणा आणि सोयीची भर यांनी आपल्या इतिहासाचे किती नुकसान केले, हे या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

अर्धवट जोडलेली केबिन एअरफिक्सच्या साच्यातली निघाली. तिचा मूळ नमुना इंग्लंडमधील ओकहॅम येथील खऱ्या केबिनचा आहे. तिच्या जुन्या जोडांत नवे द्रावण मुरवून ते सैल केले आणि भिंती पुन्हा काटकोनात बसवल्या. आत दांडे नव्हते. मुलांनी टाचण्यांचे दांडे केले आणि ब्रिटिश रीतीप्रमाणे रंगवले : थांब्याच्या सिग्नलचे लाल, पूर्वसूचनेच्या सिग्नलचे पिवळे, सांध्यांचे काळे.

केबिनचा जिना

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. रुळावर हातोडी मारली की आवाजावरून तडा ओळखत. उन्हात रूळ किती वाढेल, हे न मोजता सांगत. ज्या केबिनसमोरून ते तीस वर्षे चालले, तिचा जिना मात्र ते कधी चढले नाहीत. आत काय आहे हे त्यांना कोणी दाखवले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. टाचण्यांचे ते दांडे बसवताना माझ्या मनात हे होते.

आता १९३८ कडे येऊ. त्या वर्षी लिव्हरपूलच्या कारखान्यातून टेबलावर मावणारी रेल्वे बाहेर पडली आणि मध्यमवर्गीय ब्रिटिश मुलाला सांधे, सिग्नल व इंजिन यांचा मालक होता आले. त्याच वर्षी १२ आणि १३ फेब्रुवारीला मनमाड येथे जीआयपी रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खऱ्या रेल्वेतील स्थिती मांडली. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य संपवतो. पोर्टरची जागाही त्याला सहसा मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरच्या घरची कामे करून घेतली जातात आणि त्या घरात अस्पृश्य चालत नाही. कुशल कामाची दारे त्याला बंद असतात. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची मांडणी याच परिषदेतील. बाबासाहेबांचा रेल्वेशी आलेला पहिला मोठा अनुभवही आपणांस ठाऊक आहे. १९०१ मध्ये मसूर स्थानकावर नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ व भाच्यांसह वडिलांकडे जाण्यासाठी उतरला. ही मुले महार आहेत असे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे जातीने काय केले ते दिसते. आपल्या पूर्वजांना हाताचे काम भरपूर दिले गेले. बोरीबंदर ते ठाणे या १६ एप्रिल १८५३ च्या पहिल्या प्रवासापासून पुढे घाट फोडून रूळ टाकण्यापर्यंत हजारो श्रमिकांचे हात राबले. परंतु यंत्र का चालते, ते कोणी आखले, बिघडले तर काय होईल, हे विचारण्याची जागा त्यांच्यापासून दूर ठेवली गेली. दुसऱ्या बाजूला ज्यांच्याकडे पुस्तके होती, त्यांना कानस धरणे कमीपणाचे वाटले. हात आणि बुद्धी यांची ही फारकत देशाचेच नुकसान करून गेली. आज आपली मुले पुस्तकाकडे वळली आहेत आणि ते योग्यच आहे. पण ‘हातकाम आता नको, ते आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ केले’ ही भावनाही आपल्या घरांत आली आहे. ती समजण्यासारखी आहे, तरी तिच्यात एक धोका आहे. हाताचे काम नाकारताना त्या कामातले ज्ञान आपण पुन्हा दुसऱ्यांच्या स्वाधीन करतो.

या ज्ञानातून काय उभे राहू शकते, याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांनी लघुरेल्वेचे मंडळ स्थापन केले. त्यातील एक गट गाड्या सुंदर रंगवण्यात रमे, तर ‘सिग्नल आणि वीज’ पाहणारा गट टेबलाखाली टेलिफोनचे जुने रिले जोडून गाड्यांचे नियंत्रण करी. हा रिले लागला तर तो सुटेल, ही त्यांची रोजची भाषा. संस्थेत संगणक आले तेव्हा त्यांच्याकडे सर्वांत आधी धावलेल्यांत हेच विद्यार्थी होते. ‘हॅकर’ हा शब्द संगणकाच्या जगात आला तो याच मंडळाच्या बोलीतून. परस्परबंधनाच्या लाकडी पट्ट्या आणि संगणकातील ‘असेल तर – नसेल तर’ या आज्ञा यांत नाते आहे, हे आमच्या नववीच्या मुलांना संगणकाच्या तासाला मी न सांगता उमगले.

आणखी एक गोष्ट. छंद हा फावल्या वेळाचा आणि फावला वेळ हा हक्काचा भाग आहे. बाबासाहेबांनी उतारवयात, प्रकृती खालावलेली असताना, व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्या व्हायोलिनपासून कोणते पद वा पैसा त्यांना मिळणार नव्हता. माणूस म्हणून जगण्यात आनंदाने एखादी गोष्ट शिकणेही येते, हे त्यांच्या आयुष्यात दिसते. आपल्या मुलांचा प्रत्येक तास परीक्षेला गहाण टाकण्यापूर्वी आपण त्याची आठवण ठेवावी.

पालकांस उत्तर

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे. दादा, रविवारचे ते दोन तास अभ्यासाचे वजा केलेले नाहीत, ते मोकळ्या वेळातले आहेत. खर्च फार नाही : ब्लेड, कानस, पितळी तार, रंगाच्या चार डब्या आणि जुना पुठ्ठा. किट परवडला नाही तरी पुठ्ठा, टाचणी आणि सायकलचा स्पोक यांतून सिग्नल होतो. आम्ही दुसरा सिग्नल तसाच केला आहे. पुढील सहलीत पुण्याला कोथरूड भागातील, भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये लोकांसाठी खुले केलेले लघुरेल्वे संग्रहालय मुलांना दाखवण्याचा विचार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे रेल्वेत, कारखान्यांत किंवा विद्युत खात्यात आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार या मुलांसाठी द्यावा आणि मोडकी हत्यारे भंगारात न घालता शाळेकडे पाठवावीत, ही विनंती.

तुमचा मुलगा साहेब होईल, अशी आम्हांलाही आशा आहे. तो साहेब झाला तर त्याच्या सहीने पूल उभे राहतील, गाड्या धावतील, माणसे कामावर जातील. त्या दिवशी कोणी त्याच्यापुढे एखादी योजना ठेवली, तर सही करण्यापूर्वी त्याने सातवीतल्या त्या मुलीसारखे विचारावे, की दोरा तुटला तर काय होईल आणि तेव्हा रुळावर कोण उभे असेल. परवा त्यानेच आपल्या हाताने तिसऱ्या सिग्नलला वजन लावले आणि मला न विचारता स्वतःच दोरा कापून पाहिला. हात आडवा झाला.

जय भीम.